अनिवार्य

ही चिप स्वतःहून बोलत नाही.
आठ पायांची, तांदळाच्या कणीएवढी.
कोण गं तू, विचारलं तर गप्प.
तिच्या वतीनं कुणीतरी लिहून द्यावं लागतं,
कुठल्या तारेवर बसते, पत्ता काय,
किती व्होल्टवर जगते.
ते लिहिणारी मी.
आणि लिहिलेलं बरोबर की चूक, हे ठरवणारी चौकट,
तीही मीच लिहितेय,
नंदुरबारात, मिरचीच्या पथारीला लागून असलेल्या
पत्र्याच्या खोलीत,
नाकाला रुमाल बांधून.

बाहेर नजर पोचेल तिथवर लाल.
शिंक आली की एक ओळ चुकते.

चौकटीत लिहिलं:
नावाच्या शेपटीला पत्ता हवा,
आणि आतला पत्ता त्याच्याशी जुळायलाच हवा.
दारावर एक नंबर अन् उंबऱ्याआत दुसरा, चालणार नाही.
समासात दोन जागा म्हणजे दोनच, टॅब दिसला की बाद.
अनिवार्य: प्रकार, पत्ता, वीज, इशाऱ्याची तार.
याउपर एक शब्द जास्तीचा नको.

ही शेवटची ओळ लिहिताना, खरं सांगते,
माझ्या छातीत एक छोटा तहसीलदार
खुर्ची ओढून बसला.

तपासणी चालवली. सतरा चुका.
पहिलीच: नावात पंचेचाळीस, आत चव्वेचाळीस.
नियम माझा, आणि पहिली सापडले मीच.
दुपारपर्यंत सतराच्या तीन झाल्या,
चहानंतर एक.

ती एक हलेना.
इशाऱ्याची तार अनिवार्य आहे. दिलेली नाही.
बोर्ड उलटा करून भिंगाखाली धरला.
तार नव्हतीच.
धुळ्याला फोन लावला, बोर्ड जोडणाऱ्या नथ्थू सैंदाणेंना.
ते हसले. "मिन्टामिन्टाले इचार ना तिले,
इशारा कसाले जोयजे?"

खरंच, कशाला?
मिरची काही पळून जात नाही.

तरी बोटं कीबोर्डवर थांबली.
सतरा नंबरची पिन, असं ठोकून दिलं असतं
तर तपासणीनं मुकाट पुढं जाऊ दिलं असतं.
तिला तार दिसत नाही. तिला रकाना दिसतो.

जात्रीबाई वळवीचा जन्म एक जूनचा.
तिच्या जावेचाही. शेजारच्या ओळीत
देठ खुडत बसलेल्या निम्म्या बायांचा.
शाळेच्या वहीत, कार्डावर, बँकेत,
सगळीकडे एक जून,
कारण रकाना अनिवार्य होता
आणि गुरुजींना जेवायला जायचं होतं.
त्या वर्षी नदीला पाणी होतं की नव्हतं,
मोहाची फुलं पडत होती की संपली होती,
एवढं तिच्या आईला ठाऊक होतं.
त्याला रकाना नव्हता.
कुठलीच तपासणी तिच्यावर कधी ओरडली नाही.

मी यादीतून ती तार काढली.
तीनच गोष्टी अनिवार्य ठेवल्या,
त्यातल्याही विजेकडे जरा वेळ बघत बसले.

पुन्हा चालवली.
काहीच उमटलं नाही.
चूक नसली की ती असंच करते,
शाबासकी तिला शिकवलेलीच नाही.
बोर्डाला वीज दिली, चिपनं आकडा सांगितला,
मी तो घेऊन बाहेर गेले.
जात्रीबाईनं माझ्याकडे न बघता एक मिरची उचलली,
कानाशी धरून हलवली.
बी वाजलं नाही.
"अजून दोन उन्हं," म्हणाली.
माझ्या आकड्याचंही साधारण तेच म्हणणं होतं.
मी सांगितलं नाही.

परत आले तेव्हा चौकटीत एक जागा रिकामी दिसली,
वर्णनाची.
तिथं काय लिहिलंय ते कुणी तपासत नाही,
म्हणून तिथं माणसासारखं लिहिता येतं.
लिहिलं:
तार असेल तर सांगा.
नसेल तर नाही म्हणा,
नसलेली जोडू नका.

मग शिंक आली.
टॅब पडला.
एक चूक.